अल्गॉन्क्विनच्या तळ्यावर पहिल्यांदा: कॅनू, गळ आणि दोन रात्रींचा मुक्काम

इथे कॅनडात आमच्या ओळखीतल्या मराठी घरांतून दर उन्हाळ्यात एक तरी फोन येतो: "अल्गॉन्क्विनला कॅनू घेऊन राहायला जायचंय, काय काय सामान लागेल?" अल्गॉन्क्विन म्हणजे ओंटारियो प्रांतातलं तळ्यांचं मोठं उद्यान, आणि कॅनू म्हणजे वल्ह्यांनी चालवायची अरुंद, हलकी होडी. सामानाकडे मी नंतर येतो. आधी किती लांब जायचं ते ठरवा, आणि जे ठरवाल त्याच्या निम्म्यावर या. पहिल्या खेपेला दोन रात्री, मुक्कामाचं एकच तळं आणि वाटेत एकच पोर्टेज, म्हणजे होडी खांद्यावर घेऊन एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर जायची पायवाट, एवढं पुरे.

हे अनुभवाचं बोलणं आहे. पहिल्या वर्षी आम्ही जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बेत आखला: तीन रात्री, रोज नवं तळं. कागदावर सगळं बोटभर अंतरावर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी समोरून वारा सुटला. तासभर वल्हवलं तरी काठावरचं तेच वाकडं पाइन झाड शेजारी. मुक्कामाला पोचलो तेव्हा अंधार पडून पाऊस लागला होता आणि धाकटीचे ओठ निळे पडले होते. मी तंबू उभारत असताना बायकोने तिला स्वतःच्या स्लीपिंग बॅगेत घेतलं. अर्ध्या तासाने ती नीट बोलायला लागली. त्या अर्ध्या तासाने मला जे शिकवलं तेच या लेखात आहे.

कुठे जायचं

अल्गॉन्क्विन हे ओंटारियोतलं सर्वांत जुनं प्रांतिक उद्यान, १८९३ साली स्थापन झालेलं. क्षेत्रफळ सुमारे ७,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे माझ्या रायगड जिल्ह्यापेक्षा मोठं. आत २,४०० हून जास्त तळी आणि २,००० किलोमीटरहून जास्त कॅनूचे मार्ग आहेत. उद्यानाला ज्यांचं नाव आहे त्या अल्गॉन्क्विन लोकांची ही भूमी. त्यांनी ती कोणत्याही करारात सोडून दिलेली नाही. भूर्जाच्या सालीची हलकी होडी आणि ती खांद्यावर घेऊन एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर जायची रीत ही मुळात या भागातल्या मूळ रहिवाशांची. आज आपण ज्याला पोर्टेज म्हणतो ती हीच पायवाट.

टोरांटोहून हंट्सव्हिलमार्गे हायवे ६० धरला की साधारण तीन तासांत वेस्ट गेट येतं. हा रस्ता उद्यानाच्या दक्षिण भागातून ५६ किलोमीटर जातो. वेस्ट गेटपासून १४ किलोमीटरवर डावीकडे कॅनू लेकचा फाटा आहे. नवख्यांना मी डोळे झाकून हाच सांगतो. धक्क्यावरच भाड्याने कॅनू मिळतात, मदतीला माणसं असतात, आणि उत्तरेकडे वल्हवत गेलं की बांधाशेजारी फक्त २९५ मीटरचं एक पोर्टेज लागतं. ते ओलांडलं की जो लेक, पुढे टीपी लेक, मग लिटलडो लेक, सगळं पाण्यातूनच. जो लेकवर गर्दी असते. लिटलडोपर्यंत गेलात तर जास्त शांतता मिळते आणि कष्ट मात्र थोडेच वाढतात.

ओपिओंगो हे उद्यानातलं सर्वांत मोठं तळं. फोटो पाहून पुष्कळांना तिथेच जायचं असतं. पहिल्या खेपेला नको. रुंद पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नसतं, आणि लाटा फार लवकर उठतात.

कधी जायचं

बर्फ एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला वितळतो. मासेमारीवाले मे महिन्यावर जीव टाकतात, कारण पाणी थंड असताना ट्राउट वरच्या थरात असतो. पण मेच्या मध्यापासून जूनच्या अखेरपर्यंत ब्लॅकफ्लाय नावाची बारीक काळी माशी असते. ती कानामागे, केसांच्या कडेला चावते आणि रक्त येईपर्यंत कळत नाही. जूनमध्ये तिच्या जोडीला डास येतात आणि ते जुलैतही सोडत नाहीत.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा मध्य, हा माझ्या मते नवख्यांचा काळ. कीटक ओसरलेले, पाण्यात उतरता येईल इतकी ऊब उरलेली, रात्री शेकोटी हवीशी वाटेल अशी. लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) उलटला की गर्दीही निम्म्यावर येते. सप्टेंबरच्या शेवटी मेपल लाल होतात तेव्हा तर हा प्रदेश डोळ्यांत मावत नाही. पण तोवर पाणी गार झालेलं असतं, आणि रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो. तो हंगाम दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

आरक्षण आणि परवाने

आतल्या तळ्यांवर राहायला परवाना लागतो. तो ओंटारियो पार्क्सच्या संकेतस्थळावर, येण्याच्या तारखेआधी पाच महिने, सकाळी सात वाजता खुला होतो. म्हणजे २८ ऑगस्टला जायचं असेल तर २८ मार्चला सकाळी चहा घेऊन बसा. शनिवार-रविवारच्या जागा भराभर जातात. रविवारी निघून मंगळवारी परत यायचं ठेवलंत तर तेवढी घाई लागत नाही.

इथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आरक्षण तळ्याचं असतं, जागेचं नव्हे. लिटलडोवर ज्या जागा आहेत त्यांतली जी मोकळी दिसेल ती तुमची, जो आधी पोचेल त्याची. म्हणून दुपारी दोन-तीनपर्यंत तळ्यावर पोचायचं, हा हिशोब आधीच धरा. एका जागेवर जास्तीत जास्त नऊ जण. दोन-तीन कुटुंबं मिळून जाणार असाल तर माणसं मोजून आरक्षण करा.

मासे धरायचे तर वेगळा परवाना. १८ ते ६४ वयाच्या ओंटारियोच्या रहिवाशाला आउटडोअर्स कार्ड आणि त्यावर मासेमारीचा परवाना लागतो. दोन प्रकार असतात: स्पोर्ट आणि कॉन्झर्व्हेशन. दुसऱ्यात मासे कमी ठेवता येतात आणि तो स्वस्त पडतो. नवख्याला दुसराच पुरतो.

आता आपल्या घरांतला नेहमीचा प्रश्न. भारतातून आईवडील आलेत, त्यांनाही गळ टाकायचाय. पासष्टीनंतरची सूट कॅनडात राहणाऱ्यांना आहे. व्हिसावर आलेल्या सत्तर वर्षांच्या बाबांना परदेशी पाहुण्याचा परवाना काढावाच लागतो. "ते फक्त काठी धरून बसलेत" हे कारण चालत नाही. तुम्ही स्वतः नुकतेच आला असाल तर ओंटारियोत सलग सहा महिने राहणं झाल्याशिवाय इथले रहिवासी म्हणून परवाना मिळत नाही, तेही ध्यानात ठेवा.

उद्यान मासेमारीच्या झोन १५ मध्ये येतं. कुठला मासा कधी आणि किती, ते निघण्यापूर्वी चालू वर्षाच्या नियमांत त्या झोनखाली वाचा, आणि अल्गॉन्क्विनसाठी जे वेगळे अपवाद दिलेत तेही. ट्राउटचा हंगाम ३० सप्टेंबरला संपतो. जिवंत मासे आमिष म्हणून नेणं उद्यानात बंद आहे. त्यामागे कारण आहे. कुणीतरी डब्यातले उरलेले छोटे मासे पाण्यात ओततं, ते तिथे वाढतात आणि हजारो वर्षं त्या तळ्यात राहिलेल्या ब्रूक ट्राउटचं खाणं संपवतात.

पाण्याबद्दल, सगळ्या सामानाआधी

मी रेवदंड्याच्या खाडीकाठी वाढलो. पोहायला कधी शिकलो ते आठवत नाही. आणि नेमका तोच आत्मविश्वास इथे घात करतो. खाडीचं पाणी कोमट असतं, खारं असतं, माणसाला उचलून धरतं. इथलं पाणी गोडं आहे आणि गार आहे. अचानक गार पाण्यात पडलं की छाती आवळते, श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर त्या एका श्वासातच सगळं संपतं.

कॅनडात यासाठी १-१०-१ असा नियम शिकवतात. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, त्यात कॅनूला धरायचं किंवा बाहेर यायचं. त्यानंतर गारठून शुद्ध हरपायला साधारण एक तास. पट्टीचा पोहणारा असला तरी त्याचे हात दहा मिनिटांनी वळेनासे होतात. मग त्याला तरंगतं ठेवतं ते फक्त लाइफजॅकेट. कायद्याने ते प्रत्येकासाठी होडीत असायला हवं. मी म्हणतो, अंगावर, चेन लावून, पट्टे आवळून. लहानांना त्यांच्या वजनाचंच. मोठ्यांचं घातलं तर ते डोक्यावरून निसटतं.

कॅनू लेकवर ८ जुलै १९१७ रोजी चित्रकार टॉम थॉमसन एकटाच कॅनू घेऊन निघाला आणि आठ दिवसांनी त्याचा देह पाण्यावर सापडला. कॅनडाच्या चित्रकलेत त्याचं नाव फार मोठं आहे. या तळ्यांवर त्याने कित्येक दिवस वल्हवत काढले होते. तो कसा गेला यावर आजही वाद आहे. हेहर्स्ट पॉइंटवर मित्रांनी १९३० साली त्याचं दगडी स्मारक उभारलं. वाटेत थांबून वर चढून या. तिथून तळं पूर्ण दिसतं.

कॅनू आणि सामान

भाड्याने घेताना १६ किंवा १७ फुटी, दोघांची, केव्हलरची (हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची) कॅनू मागा. ती वीस किलोच्या आसपास असते. अॅल्युमिनियमची स्वस्त पडते, पण पोर्टेजवर वाचवलेल्या प्रत्येक डॉलरची किंमत खांद्यांना मोजावी लागते. कॅनूसोबत १५ मीटरची तरंगती दोरी, पाणी उपसायचं भांडं आणि शिट्टी द्यावी लागते. हे कायद्याने लागतं, म्हणून ताब्यात घेताना एकेक वस्तू पाहून घ्या. शिट्टी लाइफजॅकेटलाच बांधा. मदत हवी तर तीनदा वाजवायची. एक जादा वल्हंही मागा.

कपड्यांत एकच नियम: जीन्स आणि सुती कपडे घरी. सुती कापड भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. लोकरीचं किंवा व्यायामाच्या कपड्यांसारखं कृत्रिम धाग्याचं घ्या. झोपायच्या कपड्यांचा एक जोड वेगळ्या पिशवीत बंद ठेवा आणि काही झालं तरी दिवसा तो बाहेर काढू नका. पाणी आत न जाणाऱ्या पिशव्या नसतील तर कचऱ्याच्या जाड पिशव्या, एकात एक अशा दोन, चालतात. सामान मोठ्या दोन-तीन पाठपिशव्यांत बसवा. हातात लोंबणाऱ्या दहा पिशव्या झाल्या की पोर्टेजवर हाल होतात.

बाकी लागेल ते: शून्य अंशापर्यंत चालणारी स्लीपिंग बॅग, खाली अंथरायची फुगवती गादी, तंबू, पावसाचा सूट, डोक्याला बांधायचा दिवा, गॅसचा छोटा स्टोव्ह, पाण्याचा फिल्टर, प्रथमोपचाराची पेटी, कागदी नकाशा आणि होकायंत्र. आत फोनला सिग्नल धरून चालू नका. आम्ही आता उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र भाड्याने घेतो. निघण्यापूर्वी कुठल्या तळ्यावर आहोत आणि कितीपर्यंत न आल्यास कुणाला कळवायचं, हे घरी कुणाला तरी लिहून देतो.

सगळं भरून झालं की ते पाठीवर घेऊन घराभोवती दहा मिनिटं फिरा. जे जड वाटेल ते तिथेच बाहेर काढा.

शिधा

आतल्या भागात डबे आणि बाटल्या न्यायला बंदी आहे. इंधन, औषधं, कीटकांचं मलम यांना सूट आहे, खाण्यापिण्याच्या डब्या-बाटल्यांना नाही. इतरांना याचा त्रास होतो. मराठी स्वयंपाकघराला मात्र यात काहीच अडत नाही, कारण आपल्याकडे कोरडा शिधा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

आमची पिशवी अशी असते. पहिल्या संध्याकाळी थालिपिठाची भाजणी, त्यात कांदा तिथेच चिरून. सकाळी पोहे, फोडणी घरीच करून सुकी बांधलेली. दुपारी चूल पेटवत नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. दुसऱ्या रात्री पिठलं-भात, कारण बेसनाला वजन नाही आणि दहा मिनिटांत होतं. मेतकूट नेहमी सोबत. पोट बिघडलं, पाऊस लागला, मूल रुसलं, तर मऊ भातावर मेतकूट आणि तूप. मुगाचे किंवा डिंकाचे लाडू होडीत हाताशी ठेवा. वल्हवताना भूक एकदम लागते, आणि भुकेलेला माणूस लवकर गारठतो.

प्रत्येक जेवण वेगळ्या पिशवीत, वर नाव लिहून. एक जादा जेवण. पाणी तळ्याचंच, पण गाळून किंवा खळखळ उकळून. दिसायला काचेसारखं स्वच्छ असलं तरी त्यात जिआर्डिया हा पोटातला परजीवी असू शकतो आणि त्याची पोटदुखी आठवडे टिकते.

सरावाचा एक दिवस

जायच्या आधी घराजवळच्या एखाद्या तळ्यावर दोन तास कॅनू भाड्याने घ्या. हे टाळू नका.

बसताना वाकून, दोन्ही काठ धरून, पाऊल बरोब्बर मधे. उभं राहायचं नाही. लाटा आल्या की बाकावरून उतरून गुडघ्यांवर बसायचं. त्याने वजन खाली जातं आणि होडी स्थिर होते. पुढचा माणूस वेग देतो, मागचा दिशा. दोघांनी विरुद्ध बाजूंना वल्हवायचं, तरीही कॅनू हळूहळू एका बाजूला वळत जाते. ती सरळ ठेवायला मागच्याने जे-स्ट्रोक शिकायचा. वल्हं पाण्यात पुढे उभं घाला, मागे ओढा, आणि कमरेपाशी आलं की वरच्या हाताचा अंगठा खाली वळवा. पातं आपोआप होडीला समांतर होतं. तिथून ते हलकेच बाहेर ढकला. पाण्यात इंग्रजी जे अक्षर उमटतं. पहिले पन्नास वेळा मनगट दुखतं, पातं होडीवर आपटतं. नंतर कधीतरी लक्षात येतं की आपण बोलतोय, काठ बघतोय आणि होडी सरळ चाललीय.

त्याच दिवशी, काठाजवळ, लाइफजॅकेट घालून एकदा मुद्दाम पाण्यात पडा. मुलांनाही पडू द्या. जॅकेट उचलून धरतं हे अंगाला कळलं की भीती निम्मी होते.

निघण्याचा दिवस

धक्क्यावर नऊपर्यंत पोचा. सकाळी पाणी शांत असतं, दुपारी वारा उठतो. कार्यालयात परवाना घ्या, गाडीचा कागद काचेमागे ठेवा, आणि शेकोटीला बंदी आहे का ते विचारा. कोरड्या उन्हाळ्यात ती लागू असते आणि मग सगळा स्वयंपाक स्टोव्हवरच.

सामान होडीच्या तळाशी, जड ते मधे. सामानाला दोरी लावून ठेवा. काठाकाठाने जा, तळ्याच्या मधोमध नको. वारा असेल तर लाट तिरकी घ्या, आडवी कधीच नाही. गडगडाट ऐकू आला की तत्काळ काठाला. मोटारबोटींच्या लाटा येतील, त्यांच्याकडे नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वळवा.

पोर्टेज पिवळ्या पाटीवरून ओळखायचं. तिथे उतरल्यावर सामान वाटेतून बाजूला ठेवा, मागून माणसं येत असतात. कॅनू उचलायला नवख्यांनी दोघं लागा. एकाने नाळ डोक्यावर उचलून धरायची, मागचं टोक जमिनीवरच राहू द्यायचं. दुसऱ्याने खाली शिरून मधलं जू खांद्यांवर घ्यायचं, मग पहिल्याने सोडायचं. त्या लाकडी आडव्याला जूच म्हणायला हवं, बैलाच्या मानेवर बसतं तसंच ते बसतं. एका खेपेत सगळं होणार नाही. दोन खेपा म्हणजे जाणं, येणं आणि परत जाणं, २९५ मीटरचे जवळजवळ ९०० मीटर होतात. तेवढा वेळ धरा. मुलांना वल्ही आणि लाइफजॅकेट द्या, त्यांना त्यांचं ओझं असलं की ती कुरकुरत नाहीत.

तळ कसा मांडायचा

मुक्कामाची जागा नारिंगी पाटीने दाखवलेली असते. पाटी नाही तिथे राहायचं नाही. उतरल्यावर आधी वर बघा. वाळकं झाड किंवा अडकलेली फांदी डोक्यावर असेल तर तंबू दुसरीकडे. आधी कुणी ठोकलेला सपाट भाग दिसेल, तिथेच ठोका, नवी जागा तुडवू नका. शेकोटी आहे त्याच दगडी चुलीत. सरपण जमिनीवर पडलेलं, मनगटाहून बारीक. घरून लाकूड आणू नका, त्यातून कीड येते आणि अख्खी जंगलं वाळतात. मागच्या पायवाटेने गेलं की झाकणाची एक लाकडी पेटी दिसेल. तिला इथे थंडरबॉक्स म्हणतात. भिंती नाहीत, छप्पर नाही, पण संडास तोच. आजीला आधी सांगून ठेवा. भांडी आणि अंघोळ दोन्ही तळ्यापासून लांब, पाणी भरून आणून. साबण कसलाही असो, तळ्यात नको.

मग उजेड असतानाच अन्न टांगायचं. हे काम मी कधीच उद्यावर टाकत नाही. इथे काळी अस्वलं आहेत. ती माणसाला टाळतात, पण एकदा तळावर खायला मिळालं की परत येतात, आणि अशा अस्वलाला शेवटी मारावं लागतं. दोरीला दगड बांधून फांदीवरून टाका, आणि पिशवी जमिनीपासून चार मीटर वर, खोडापासून दोन मीटर लांब राहील अशी ओढा. जागा तंबूपासून दूर निवडा. शिध्यासोबत टूथपेस्ट, मलम, कचरा, मसाल्याचा हात पुसलेला पंचा, हे सगळं त्यातच. आपल्या हिंगा-लसणाचा वास वाऱ्यावर फार लांब जातो. तंबूत लाडूसुद्धा नको. अस्वल दिसलंच तर पळू नका. सगळे एकत्र उभे राहा, भांडी वाजवा, त्याला जायला वाट सोडा.

गळ टाकताना

या भागातल्या तळ्यांत लेक ट्राउट आणि स्मॉलमाऊथ बास मिळतात. उन्हाळ्यात ट्राउट खोल, गार पाण्यात उतरतो, नवख्याच्या हाती तो लागत नाही. बासच्या मागे जा. तो इथला मूळचा नाही, साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसांनी सोडलेला, पण आता स्थिरावलाय. खडक पाण्यात उतरतात तिथे, पडलेल्या झाडाजवळ, पहाटे आणि सूर्य मावळताना.

साडेसहा फुटांची हलकी काठी, आठ पौंडांची ओढ सोसणारी तार, छोटा जिग (डोक्याशी वजन असलेला गळ) आणि त्यावर रबरी अळी. टाका, तळाला टेकू द्या, काठीचं टोक वीतभर उचला, पुन्हा टेकू द्या. बास उचलतो तो टेकताना. खाडीवर वडील गरवताना तर्जनीवर दोरी ठेवायचे. मी अजूनही तार तशीच बोटावर घेतो. आधी एक हलकी टकटक येते. तिला दाद देऊ नका. मग ओढ लागते, तेव्हा काठी उचला. शिसाची वजनं टाळा. ती तुटून तळाशी राहतात, लून पक्षी खड्यांसोबत गिळतात आणि विषबाधेने मरतात. गांडुळं नेलीत तर उरलेली मातीसकट घरी आणा. या जंगलातली जवळजवळ सगळी गांडुळं युरोपातून आलेली आहेत, आणि ती पानांचा थर खाऊन जमीन उघडी पाडतात.

सोडायचा मासा असेल तर आधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. गळाचा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवा, सुटायला सोपं. पाण्यातच धरून ठेवा, तो स्वतः शेपूट मारून निसटेपर्यंत.

ठेवायचा असेल तर मध्यम आकाराचा एखादाच. मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो, मुलांना आणि गरोदर बाईला तर तो देऊच नये. तळावर नाही, लांब खडकावर साफ करा. आतडी काठाला टाकू नका, तळापासून दूर जंगलात नेऊन पुरा. हळद, मीठ, तिखट, वरून रवा. घरची चव, पण मासा त्याच दुपारचा. अंधार पडायच्या आत खाऊन, भांडी घासून, ते कपडेही पिशवीत टांगा.

रात्र

शेकोटी विझवताना राख हाताला गार लागेपर्यंत पाणी ओता. मग काठावर जाऊन बसा, दिवा बंद करून. लूनची हाक पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या मुलीने माझा हात धरला होता. एक लांब, चढत गेलेला सूर, आणि थोड्या वेळाने पलीकडच्या तळ्यावरून त्याला उत्तर. नशीब असेल तर लांडग्यांची साद येते. इथे लांडगे आहेत, आणि १९६३ पासून उद्यानातर्फे ऑगस्टमध्ये लोकांना ती साद ऐकवायला नेतात. तंबूबाहेर खुडबुड झाली तर बहुधा खार किंवा उंदीर असतो. अन्न वर टांगलंय हे माहीत असलं की झोप लागते.

परत येताना

शेवटच्या दिवशी सहाला उठा आणि आठला पाण्यावर असा. तंबूची जागा, चुलीचा परिसर आणि काठ, तिन्हीकडे एकदा वाकून चाला. तारेचे तुकडे, बटाट्याची सालं, गोळ्यांची चंदेरी कागदं, सगळं उचला. वारा वाईट असेल तर काठाला थांबा, एक जादा जेवण त्यासाठीच आहे. धक्क्यावर पोचल्यावर घरी ज्याला बेत सांगितलाय त्याला आधी कळवा.

हायवे ६० वर संध्याकाळी गाडी सावकाश चालवा. मूस, म्हणजे इथली प्रचंड मोठी हरणं, रस्त्यावर येतात. काळोखात त्यांचं अंग काळं दिसतं आणि पाय इतके लांब की दिव्यांच्या उजेडात डोळे चमकतही नाहीत. घरी आलात की तंबू त्याच रात्री गॅरेजमध्ये पसरून वाळत घाला, नाहीतर आठवड्यात त्याला बुरशी येते. गळ, जिग, दोऱ्या, सगळं पुसून कोरडं करून ठेवा. आणि कागदावर लिहून ठेवा काय वापरलंच नाही, काय कमी पडलं. आमचा तो कागद भाजणीच्या डब्यात असतो. पुढच्या मार्चमध्ये आरक्षणाला बसताना तो आधी निघतो.